मुंबईचा दाखला

दिगंबर महाजन बऱ्हाणपूरच्या कचेरीत नकलनवीस होते. नकलनविसाचं काम असं, की लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं, निकाल दप्तरातून शोधून काढायचे, त्यावरून हुबेहूब दुसरी प्रत लिहायची आणि खाली ‘अस्सलाबरहुकूम नक्कल’ असं लिहून सही करायची. मूळ कागदात चूक असली तर नकलेतही ती तशीच यायला हवी. निंबोल्याच्या एका वाटणीपत्रात कोणा जुन्या कारकुनाने उखर्डू नावाच्या माणसाला दोनदा मयत दाखवला होता. महाजनांनीही त्याला दोनदा मारला. उखर्डूची नातवंडं भांडायला आली तेव्हा ते म्हणाले, “मी फक्त लिहितो, भाऊ. मारणारे वेगळे होते.”

वीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या मनचं एक वाक्य कागदावर लिहिलं नव्हतं. बोलतानाही ते पदरचं काही घालत नसत. म्हणून छप्पन सालच्या भाद्रपदात त्यांनी बायकोला आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं सांगितलं, तेव्हा तिने ते लगेच खरं मानलं.

मनकर्णाबाईंच्या उजव्या स्तनात गाठ होती. गावातल्या शनवारा भागातल्या डॉक्टरांनी ती तपासली आणि मुंबईला न्या म्हणाले. मुंबईच्या डॉक्टरांनी महाजनांना एकट्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावून रोगाचं नाव सांगितलं. कॅन्सर. पेशंटला सांगायचं का, असंही विचारलं. महाजन म्हणाले, “नको.” तसा रिवाजच होता. नाव घेतलं की रोग बळावतो अशी बायकांची समजूत, आणि नाव कळलं की रोगी हाय खातो अशी डॉक्टरांची. शिकलेले आणि न शिकलेले यांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

“गळू आहे,” महाजनांनी आत येऊन सांगितलं. “खोल आहे. कापावं लागेल.”

ऑपरेशननंतर मनकर्णाबाई शुद्धीवर आल्या आणि डाव्या हाताने पट्टी चाचपू लागल्या. बराच वेळ चाचपत होत्या.

“गळू कापायचं होतं ना?”

“हो.”

“मग बाकीचं कुठे गेलं?”

“मूळ खोल होतं.”

“गळवाला एवढं मूळ असतं?”

“डॉक्टर म्हणाले.”

“आणि तुम्ही सही केली.”

“केली.”

हे शेवटचं उत्तर तेवढं खरं होतं. पुढचं दीड वर्ष महाजनांना त्याचीच शिक्षा झाली.

मग महिना-दीड महिना विजेचे शेक झाले. कातडी करपून काळी पडली. गळवाचं उरलंसुरलं मूळ जाळतात, असं महाजनांनी सांगितलं. एकदा गळू म्हटल्यावर पुढचं सगळं त्या गळवातच बसवावं लागत होतं. या काळात नोव्हेंबर उजाडला आणि नवी राज्यं झाली. दोघं निघाली तेव्हा बऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यात होतं, परतली तेव्हा भोपाळच्या. स्टेशन तेच होतं, टांगेवालाही तोच होता. मनकर्णाबाईंना बातमी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यांचं निदान विचारून तरी कापलं असेल.”

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. मुंबईहून सांगून पाठवलं होतं की उजवा हात आखडू द्यायचा नाही. भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून वर-वर चालवायची, रोज थोडी अधिक. तेल लावून हात बोटांकडून खांद्याकडे चोळायचा, नाहीतर सूज चढते. महाजनांनी हे सगळं एका कागदावर उतरवून घेतलं होतं आणि ते नकलेसारखं पाळत होते, काना-मात्रेचाही फरक न करता. हात वर जात नव्हता तोवर बायकोची वेणीही तेच घालत. दार लावून घालत, तरी राजपुऱ्यात, त्यांच्या मोहल्ल्यात, ते आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. कचेरीत कोणी केस विंचरून आलं की त्याला विचारत, “महाजनांकडून आलात का?”

पोलक्याखाली ठेवायला त्यांनी एक उशीही शिवली. नुसत्या कापसाची वर सरकायची, म्हणून आत थोडे राळे घातले, वजन यावं म्हणून. शिवायला दप्तराचा जाड दोरा आणि दाभण वापरलं, कारण त्यांना तेवढंच शिवता येत होतं. मनकर्णाबाईंनी उशी उलटसुलट करून पाहिली. “फाईल शिवलीत,” म्हणाल्या. आणि वापरू लागल्या.

पण त्या बाहेर पडेनात. नदीवर जाणं बंद, हळदीकुंकू बंद. आरशावर त्यांनी टॉवेल टाकला तो टाकलाच. चौदा वर्षांची कुसुम, त्यांची एकुलती मुलगी, त्यांना जवळ येऊन विचारू लागली की त्या तोंड फिरवत. दुपारभर माजघरात बसून राहत, आणि महाजन घरी आले की तेवढ्यापुरत्या जाग्या होत.

“आलात? आज कशाकशावर सही करून आलात?”

महाजनांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी बायको आपल्याला घालूनपाडून बोलते, त्या दिवशी ती पोटभर जेवते आणि भिंतीवर हातही जास्त वर नेते. ज्या दिवशी गप्प असते त्या दिवशी ताट तसंच राहतं. त्यांनी दोन्ही मनात नोंदवलं, आणि बोलणी खाणं हा औषधाचा भाग धरला. आठवड्यातून एकदोनदा ते स्वतःच विषय काढत. “तसं पाहिलं तर मी दुसऱ्या डॉक्टरला विचारायला हवं होतं,” एवढं म्हणायचं आणि बसून ऐकायचं. त्या घरात दुसरं टॉनिक नव्हतं.

शेजारच्या मालूबाईंचा हातभार होताच. त्या येऊन पायरीवर बसत.

“काय वं मनकर्णा, आमच्या यांले मांडीत गळू झालतं. पोटीस बांधली, सात रोजात फुटलं. मुंबई नही की काय नही.”

“तुमच्या यांनी सही केली नाही, बाई. माझे हे शिकलेले आहेत.”

मनकर्णाबाईंचे मांडे मोहल्ल्यात नावाजलेले होते. पुरणाची पोळी दोन्ही हातांच्या पंज्यांवर घ्यायची, हात खांद्याच्या वर उचलून ती झुलवत पंचाएवढी मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची. लग्न कुणाचंही असो, खापरापुढे मनकर्णाबाई बसत. सत्तावन्नच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मालूबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, आणि सात रोजात फुटणाऱ्या रोगाला आठ महिने झाल्यामुळे त्यांना बोलावणं आलं. महाजन म्हणाले, जाऊ नको. म्हणून त्या गेल्या.

पहिला मांडा हातावर घेतला. डावा हात वर गेला, उजवा खांद्याशी थांबला. मांडा एका बाजूला ओघळला आणि फाटून चुलीत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला कोणीतरी म्हणालं, “राहू दे बाई, एका गळवाचे नखरे किती ते.” त्या उठून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. महाजन अकरा दिवस तो सकाळ-संध्याकाळ चोळत होते आणि बायको अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून होती. नखरे म्हणणाऱ्या बाईला जाऊन खरं काय ते सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तिला सांगायचं म्हणजे हिला सांगायचं. ते तेलाची वाटी कोमट करायला उठले.

हळूहळू मात्र फरक पडला. हिवाळ्यापर्यंत उजवा हात डोक्याच्या मागे पोचू लागला. वेणी वाकडी पडायची, पण स्वतःची स्वतः घातलेली असायची. संक्रांतीला त्या मालूबाईंबरोबर हळदीकुंकवाला गेल्या आणि तिथे कोणाच्या तरी साडीची टिंगल करून आल्या. घरी येऊन त्यांनी ती टिंगल महाजनांना पुन्हा ऐकवली. दीड वर्षात पहिल्यांदा त्या सही सोडून दुसऱ्या विषयावर बोलल्या. सहा-सहा महिन्यांनी मुंबईला दाखवायला जावं लागे, तेही त्या हाताची तपासणी म्हणून मुकाट्याने जात. पुढची खेप फाल्गुनात होती. डॉक्टरांनी महाजनांना बजावलं होतं की पहिली तीन वर्षं एकही खेप चुकवू नका, परत आलं तर ते याच वर्षांत येतं.

माघात बदलीचा हुकूम आला. नव्या राज्यात चार तुकड्यांचे नोकर एकत्र झाले होते आणि त्यांना एकजीव करायचं असं वर कुठेतरी ठरलं होतं. पातेल्यात डाव घालून ढवळावं तशी माणसं ढवळली गेली. ग्वाल्हेरकडचे साहेब बऱ्हाणपुरात आले होते. महाजनांच्या नशिबी टीकमगढ आलं. रेल्वे ललितपूरला सोडायची आणि पुढे मोटार. तिथून आजारी बाईला मुंबईला नेणं म्हणजे तीन दिवसांची वाट.

घरात गंभीर आजार असेल तर बदली रद्द होऊ शकत होती. त्यासाठी अर्जाला दाखला जोडायचा. महाजनांनी ट्रंकेच्या तळातून मुंबईचा इंग्रजी दाखला काढला. दोन रात्री उशाशी ठेवला आणि तिसऱ्या दिवशी अर्जाला जोडून आस्थापनेचे कारकून मधुकरराव यांच्या टेबलावर ठेवला. अर्ज गुप्त ठेवावा, अशी तोंडी विनंती केली.

मधुकररावांनी दाखला दोनदा वाचला. उजेडात धरला. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

“महाजन, शिक्का तर एकदम अस्सल वाटतो.”

“अस्सलच आहे.”

“तेच म्हणतोय मी. कोण बनवून देतं?”

“मधुकरराव, तिला खरंच—”

“वहिनींना तर गळू होतं. तुम्हीच म्हणाले होते. सगळ्या कचेरीला सांगितलं तुम्ही.”

“ते मी खोटं सांगितलं होतं.”

“आणि हे खरं.” मधुकररावांनी मान डोलवली. “मानलं तुम्हाला. बावीस वर्षं लोकांच्या नकला केल्या, आता घरची केली, आणि अशी की अस्सल लाजेल. आमचा तबादला निघाला की आम्हालाही पत्ता द्या बरं.”

मधुकररावांना हे इतकं कौतुकाचं वाटलं की गुप्त ठेवणं त्यांना जमलं नाही. संध्याकाळपर्यंत कौतुक राजपुऱ्यात पोचलं. महाजन घरी आले तेव्हा मालूबाई नुकत्याच उठून गेल्या होत्या आणि मनकर्णाबाई दारातच बसल्या होत्या.

“माझ्या नावावर काय लावलं तुम्ही?”

महाजनांनी चपला काढल्या. टोपी खुंटीला लावली. मग खाली बसून त्यांनी खरं ते सगळं सांगितलं. पॅसेज, डॉक्टर, नाव. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं.

“निंबोल्याच्या मामीला तो रोग होता,” त्या म्हणाल्या. “तीन महिन्यांत गेली. मला दीड वर्ष झालं. मी कशी बसलेय इथे?”

“कापलं म्हणून.”

“गळू कापलं.”

“गळू नव्हतं.”

“तेव्हा म्हणालात ते खोटं की आता म्हणताय ते? एकदा काय ते ठरवा.”

“तेव्हाचं खोटं. तुला धक्का बसेल म्हणून.”

“आणि आता धक्का बसणार नाही. आता बदली आली ना.”

नोकरीसाठी जे तिला सांगायला तयार झालो, ते तिच्यासाठी का सांगितलं नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

“माझं अर्धं अंग कापून आणलंत,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “ते मी गिळलं. आता उरलेल्यावर असला रोग चिकटवताय, टीकमगढला जावं लागू नये म्हणून. उद्या कुसुमला कोण करेल? खोटं असलं तरी नाव तर लागलं.”

नाव लागलंच होतं. दाखला बनावट आहे याबद्दल मोहल्ल्यात कोणालाही शंका नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी मालूबाईंनी त्यांच्याकडचं पाणी घेतलं नाही. आत्ताच पिऊन आले, म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी भिंतीसमोर उभं राहणं बंद केलं. तेलाची वाटी परत पाठवली. तारीख जवळ आल्यावर महाजनांनी मुंबईचं नाव काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, “खोट्या रोगाला खरा डॉक्टर कशाला? तिथे गेलं की लोक म्हणणार, बघा, खरंच आहे. आधी तो कागद खोटा होता असं लिहून द्या. मग हात दाखवायला येईन.”

महाजनांनी शनवाऱ्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टर दीड वर्ष महाजनांच्या सांगण्यावरून गळू म्हणत आले होते. त्यांनी खुर्चीवर बसून कॅन्सर म्हणून सांगितलं. मनकर्णाबाईंनी त्यांना चहा दिला. “तुम्ही यांचे स्नेही,” म्हणाल्या. “यांनी सांगितलं तर तुम्ही उद्या मला मुलगाही झाला म्हणाल.”

फाल्गुनातल्या तारखेला नऊ दिवस राहिले. हात पुन्हा मनगटाशी सुजू लागला.

त्याच आठवड्यात साहेबांनी महाजनांना आत बोलावलं. अर्ज त्यांच्यापुढे होता. ग्वाल्हेरकडचे हे साहेब कोणाशी फार बोलत नसत, आणि त्यांना गळवाची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. दाखला खरा मानणारा कचेरीतला तो एकटा माणूस.

“बैठिये, महाजन बाबू. मेरी माँ भी इसी में गईं,” ते म्हणाले. “हम देर से ले गए. आप बंबई ले जाते रहिये. यह मैं ऊपर सिफ़ारिश करके भेज रहा हूँ.”

महाजन बसले नाहीत. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलेला तो पहिला मजकूर. हिंदीत होता, आणि थोडक्यात होता. माझ्या पत्नीस सदर रोग नाही व नव्हता. बदली टाळण्याच्या हेतूने दाखला जोडला. क्षमा असावी.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला.

“यह झूठा है?”

“जी.”

“दाखला झूठा है, या यह?”

महाजनांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. “दाखला,” ते म्हणाले.

साहेबांनी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टीकमगढचा हुकूम कायम केला आणि नोकरीच्या पुस्तकात खोटा वैद्यकीय दाखला सादर केल्याबद्दल कडक ताकीद लिहायला सांगितली. ती मधुकररावांनी लिहिली. माफीपत्राची नक्कल मात्र महाजनांनी स्वतः केली, खाली अस्सलाबरहुकूम लिहिलं आणि घरी नेऊन बायकोच्या हातात दिली. मनकर्णाबाईंनी ती मालूबाईंच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली, दोन घरांना ऐकू जाईल अशी. मग ट्रंक काढून मुंबईचे कपडे भरले.

मुंबईला डॉक्टरांनी नीट तपासलं. परत काही आलेलं नव्हतं. सूज उतरेल, व्यायाम सोडू नका, म्हणाले. महाजनांनी ठरवलं होतं की आता यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. पण ते तोंड उघडायच्या आत मनकर्णाबाईंनीच विचारलं.

“डॉक्टरसाहेब, खरं सांगा. मला काय झालं होतं?”

डॉक्टरांनी महाजनांकडे पाहिलं. नवऱ्याने सांगायला नको म्हटलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. महाजनांसारखा डोळ्यांत पाणी आलेला नवरा त्यांनी रोज पाहिलेला होता आणि त्याचा एकच अर्थ त्यांना माहीत होता. ते हसले.

“गळू होतं, बाई. जरा जास्त पसरलेलं. कशाला नसत्या शंका काढता?”

मनकर्णाबाई नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिंकलेला माणूस असतो तसा तो चेहरा होता, भरलेला, तरतरीत.

“ऐकलंत?” त्या म्हणाल्या.

“ऐकलं,” महाजन म्हणाले.

चैत्रात बिऱ्हाड टीकमगढला गेलं. तिथली भाषा मनकर्णाबाईंना येत नव्हती, पण आठ महिन्यांत त्या ती शिकल्या, आणि शिकल्या ती एक गोष्ट सांगण्यापुरती पक्की शिकल्या. इतक्या लांब कसे आलात, असं बायका विचारत. मग त्या साग्रसंगीत सांगत: आपल्याला साधं गळू झालं होतं, नवऱ्याने घाबरून नको तिथे सही केली, पुढे बदली चुकवायला आपल्याच नावावर कॅन्सरचा खोटा कागद लावला, आणि साहेबाने कसा रंगेहाथ पकडला. बायका पदर तोंडाला लावून ऐकत. त्यामुळे नव्या गावात महाजनांची कीर्ती त्यांच्या आधी पोचत असे, आणि नकलेला आलेले लोक कागद दोनदा तपासून घेत.

दर सहा महिन्यांनी मोटार, मग ललितपूर, मग मुंबई अशी वाट ती दोघं करत राहिली. हात दाखवायला. गोष्ट सांगून झाली की मनकर्णाबाई कधीकधी आतल्या खोलीकडे मान वळवून विचारत, “का हो, खोटं बोलतेय का मी?”

“नाही,” आतून उत्तर येई. “व्यायाम झाला का?”